ताल सगळ्यांचा, नाव एकाचे

फेब्रुवारी १९९२ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत ‘वर्ल्ड म्युझिक’ हा विभाग पहिल्यांदा आला आणि त्यातला पहिला मान ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बमला मिळाला. जवळजवळ सगळा अल्बम तालवाद्यांचा. वाजवणारे कोण होते? तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन, मातीच्या घटमवर चेन्नईचे विक्कू विनायकराम, नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी आणि सिकिरू अडेपोजू, ब्राझीलचे एअर्टो मोरेरा, प्वेर्तो रिकोचे काँगावादक जोव्हानी हिडाल्गो. आवाज फ्लोरा पुरिम यांचा. या सगळ्यांना एकत्र आणणारे अमेरिकन ड्रमर मिकी हार्ट. विजेत्यांच्या नोंदीत मात्र नाव एकच आहे, मिकी हार्ट यांचे.

हार्ट यांनी कोणाचे काही लाटले, असे मला म्हणायचे नाही. माणसे जमवली त्यांनी, अल्बमची निर्मिती केली त्यांनी, आणि ओलातुंजींसारख्या ज्येष्ठ वादकाला नव्या पिढीपुढे आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. प्रश्न त्या एका माणसाचा नाही, रिवाजाचा आहे. सूर कोणाचा हे आपण विचारतो, चाल कोणाची हेही विचारतो, ठेका कोणाचा हे मात्र कोणी विचारत नाही. ठेका जणू हवेतून आलेला असतो. पुढे २००९ मध्ये ‘ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट’ला पुन्हा ग्रॅमी मिळाले, तेव्हा हार्ट, झाकीर, अडेपोजू आणि हिडाल्गो अशी चारही नावे नोंदीत आली. म्हणजे मनात आणले तर हे होऊ शकते.

देशोदेशी फिरणाऱ्या आणि दर दौऱ्याला वादक बदलणाऱ्या तालवाद्यमेळांबद्दल आपण बोलतो ते बहुतेक कौतुकाने. सीमा ओलांडणारे संगीत, तालाची वैश्विक भाषा वगैरे. ते कौतुक खोटे नाही. पण अशा मेळाचे मोल ठरवताना पहिला प्रश्न हा असावा, की त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि वाटा कागदावर उतरला का. आणि हा प्रश्न परदेशी निर्मात्यांना विचारण्याआधी महाराष्ट्राने स्वतःला विचारावा.

हे मेळ उभे कसे राहिले हे थोडे पाहू. झाकीर यांचे वडील, तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांनी अमेरिकन ड्रमर बडी रिच यांच्याबरोबर १९६८ मध्ये ध्वनिमुद्रिका केली. तबला हे साथीचे वाद्य आहे, त्याने मुख्य कलाकाराच्या मागे राहावे, ही समजूत तेव्हा आपल्याकडे घट्ट होती. मिकी हार्ट यांची अल्लारखाँशी भेट १९६७ची. पुढे झाकीर अमेरिकेत गेले, कॅलिफोर्नियात अली अकबर कॉलेजात शिकवू लागले आणि तिथल्या शिष्यांचा एक तालवाद्यमेळ उभा राहिला. हार्ट त्यात आले आणि १९७६ मध्ये ‘दिगा ऱ्हिदम बँड’ या नावाने त्याचा अल्बम निघाला. ‘प्लॅनेट ड्रम’ची मुळे तिथे आहेत. १९९६ पासून झाकीर यांनी ‘मास्टर्स ऑफ पर्कशन’ नावाने दौरे सुरू केले आणि त्यांतली माणसे सतत बदलत राहिली. कधी मणिपूरचे पुंग चोलोम करणारे, ढोल गळ्यात बांधून गिरक्या घेणारे वादक, कधी डोयरा हे डफासारखे वाद्य वाजवणारे उझबेकिस्तानचे अब्बोस कोसिमोव्ह, कधी कंजिऱ्यावर सेल्वगणेश, कधी पखवाजावर भवानी शंकर. या रचनेत कायम एकच जण, बाकीची जागा येणाऱ्याजाणाऱ्यांची.

माणसे बदलत राहण्यात नुसती सोय नसते, खरे कष्ट असतात. तबलावादक समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, हिशेब मनात धरून चालतो. तीनदा वाजवायच्या तुकड्याची तिहाई कुठून उचलायची म्हणजे ती बरोबर समेवर पडेल, हे त्याच्या बोटांत भिनलेले असते. प्वेर्तो रिकोच्या काँगावादकाच्या डोक्यात क्लावे या मूळ ठेक्याचे पाच ठोके अखंड चालू असतात. त्या पाच ठोक्यांची मांडणी एकदा तीन-दोन किंवा दोन-तीन अशी ठरली की ती उलटून चालत नाही, मग पहिली मात्रा कुठेही धरा. पश्चिम आफ्रिकेत घंटेवर बारा मात्रांत सात ठोके पडतात आणि तीच बारा कोणी तिनाच्या गटात मोजतो, कोणी चाराच्या. योरुबा भाषेत उंच, मधला आणि खालचा असे तीन स्वर असतात आणि शब्दाचा अर्थ त्यांवर ठरतो. काखेत धरून दोऱ्या दाबत वाजवायचा अडेपोजूंचा ढोल या तीन स्वरांत अक्षरशः वाक्ये बोलतो. म्हणजे आपल्याला जो नुसता ठेका वाटतो, त्यात त्यांच्याकडच्या श्रोत्याला एखादी म्हण किंवा एखाद्याची स्तुती ऐकू येते.

अशी चार माणसे समोरासमोर बसली की सोपी वाट एकच असते. सगळ्यांनी चाराच्या साध्या चालीवर यायचे, आळीपाळीने वेग वाढवत न्यायचा, शेवटी सवाल-जवाब करून टाळ्या घ्यायच्या. माझे स्पष्ट मत आहे, की असल्या जुगलबंदीला प्रयोग म्हणू नये. प्रयोग तिथे होतो जिथे तबलावादकाला आपली सम काही काळ सोडून क्लावेच्या मागे जावे लागते आणि काँगावादकाला साडेनऊ मात्रांच्या आवर्तनात उभे राहून पाहावे लागते. त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात, एकमेकांच्या घरचे जेवावे लागते. ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये ते काही प्रमाणात साधले, कारण त्यातल्या काही माणसांची ओळख आधीची, कित्येक वर्षांची होती. विक्कूंचा घटम आणि आफ्रिकी वाद्ये जिथे एकमेकांत मिसळतात तिथे मातीच्या भांड्याचा नाद कुठला आणि चामड्याचा कुठला, हे क्षणभर कळत नाही. ते ऐकताना मला गोव्याचे घुमट हमखास आठवते. तेही मातीचेच, एका तोंडाला चामडे बसवलेले. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. शिगम्यात ते वाजवणाऱ्याला विक्कूंच्या शेजारी बसवले असते तर त्याला दुभाष्याची गरज पडली नसती, असे मला मनापासून वाटते.

मराठी माणसाच्या दृष्टीने या साऱ्या प्रवासातली सर्वात मोठी गोष्ट ग्रॅमी नव्हे. झाकीर यांनी ‘मास्टर्स ऑफ पर्कशन’मध्ये विजय चव्हाणांची ढोलकी तबल्याच्या शेजारी बसवली, ही मी सर्वात मोठी गोष्ट मानतो. ढोलकीला आपण कसे वागवले ते आठवून पाहा. ती लावणीची, म्हणून तमाशाची, म्हणून घरात नको. मुलाला तबला शिकायला पाठवणारे घर त्याच मुलाला ढोलकी शिकू देईल का, हा प्रश्न आजही अनेक घरांत विचारता येत नाही. वास्तविक ढोलकीची टीप, म्हणजे तिचा उंच आवाज, काढणे ही तबल्याच्या चाटीइतकीच, म्हणजे काठावरच्या ठोक्याइतकीच, अवघड गोष्ट आहे. चामड्याच्या दोन्ही पुड्या एकमेकींशी सुरात ठेवायच्या, नाचणारीच्या पायाकडे एक डोळा आणि गाणारीच्या श्वासाकडे दुसरा, आणि जलद लग्गी सुटली की फडात वीज खेळवायची. ती ढोलकी परदेशी रंगमंचावर तबल्याच्या बरोबरीने, स्वतःच्या नावासह वाजली. जाहिरातीत नाव होते, सोलोला वेळ होता. ती फोडणी म्हणून वापरली गेली नाही.

याला आपल्याकडे एक जुना आधारही आहे. उस्ताद अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते. नाटक मंडळी ही फिरतीवरची संस्था, आज या गावात, पुढच्या महिन्यात त्या गावात. नाट्यपदांना साथ करणाऱ्या तबलजीचे नाव पंचक्रोशीत घेतले जाई आणि लोक त्यासाठी तिकीट काढत. म्हणजे तालवादकाला नाव देण्याची रसिकता मराठी समाजात होती. ती ढोलकीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. हलगीपर्यंत आणि संबळापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

इथे जात आडवी येते आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे. तालवाद्य म्हणजे चामडे, आणि चामड्याला हात लावणारा अस्पृश्य, हा या देशाचा हिशेब. मंचावरच्या वादकाचे वाद्य पवित्र, त्याला फुले वाहायची, पाय लागला तर नमस्कार करायचा. पुडी बनवणारा, वादी ओढणारा मात्र दाराबाहेर. हलगी मातंग समाजाकडे, पूर्वी बऱ्याच भागांत महार समाजाकडेही. संबळ गोंधळ्यांचे. गोंधळी महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमातींत मोडतात. फिरस्ते तालवादक बघायला आपल्याला कॅलिफोर्नियाकडे पाहण्याची गरज नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ते आपल्याच दारात येऊन देवीचा गोंधळ घालून गेले. दोन ढोल एकत्र बांधून काठ्यांनी वाजवायचे ते संबळ ऐकून ज्याच्या अंगावर काटा आला नाही असा माणूस विरळा. पण ते कोणी वाजवले, हे नाव किती जणांना सांगता येईल?

हलगीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आंबेडकरी चळवळीने गावकीची लादलेली कामे नाकारली, त्यात अनेक ठिकाणी गावासाठी हलगी बडवणेही होते. तो नकार शंभर टक्के योग्य होता. दवंडीला, प्रेतयात्रेला, जत्रेतल्या मिरवणुकीला जातीचे काम म्हणून वाजवायला लावणे ही कलेची जोपासना नव्हती. त्यामुळे शहरातल्या एखाद्या संगीतकाराने आज उठून ‘हलगी जगली पाहिजे’ म्हणावे आणि त्याच समाजाने पुन्हा ती खांद्याला लावावी अशी अपेक्षा ठेवावी, हे मला मान्य नाही. तामिळनाडूत पराई या तालवाद्याच्या वाट्याला हेच भोग आले होते. पुढे त्याच समाजातल्या तरुणांनी ते वाद्य स्वाभिमानाची खूण म्हणून स्वतःच्या अटींवर हाती घेतले. अट कोणाची, यावर सगळे अवलंबून आहे. हलगीवादकाला प्रयोगशील मेळात बोलवायचे तर त्याला ‘नाही’ म्हणण्याचीही मोकळीक हवी, आणि ‘हो’ म्हटले तर त्याची जागा लीड गायकाइतकीच पक्की हवी.

आता पैशाचे. अमेरिकेत ‘द विन्स्टन्स’ नावाचा गट होता. १९६९च्या त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेत ड्रमर ग्रेगरी कोलमन यांनी सुमारे सहा सेकंदांचा एकल ठेका वाजवला. पुढे तोच तुकडा ‘अमेन ब्रेक’ नावाने हजारो गाण्यांत कापून चिकटवला गेला. हिप-हॉप, ‘जंगल’ नावाचे नृत्यसंगीत, जाहिराती, सगळीकडे. कोलमन यांना त्याचा एक पैसा मिळाला नाही, ते २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारले. जेम्स ब्राऊन यांचे ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यांचीही गोष्ट जवळपास अशीच. त्यांच्या एका ठेक्यावर किती गाणी उभी राहिली याची मोजदाद अवघड आहे, पण गीताच्या मालकीत त्यांचे नाव नव्हते. पाश्चात्त्य कायद्याच्या नजरेत रचना म्हणजे मुख्यतः स्वर आणि शब्द. ताल त्यात बसला नाही.

आपला कायदा कागदावर त्या मानाने बरा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने वादकाचे हक्क पहिल्यांदा मान्य झाले आणि २०१२च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरात कलाकाराला रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्याच २०१२च्या दुरुस्तीत एक खोच आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो त्या कायद्याच्या लेखी ‘कलाकार’च धरला जात नाही. फक्त त्याच्या कामाची कोणी मोडतोड केली तर तक्रार करण्यापुरता त्याचा हक्क शिल्लक राहतो. जो रिवाज मुळात अन्यायाचा, त्याचाच आधार कायदा घेतो. गाण्यात आठ मात्रांची हलगी वाजली, तिने सगळे गाणे उभे केले, पण हलगीवाल्याचे नाव द्यायची पद्धत नाही. मग ते काम आनुषंगिक होते असे म्हणायला कोणाला किती वेळ लागणार? म्हणून मी नावाचा एवढा आग्रह धरतो. नाव छापून येणे हा मानपान नव्हे, तो पुढच्या प्रत्येक हक्काचा दाखला आहे.

फिरत्या मेळांत ही अडचण दुप्पट होते. मेळ एका देशात ध्वनिमुद्रण करतो, दुसऱ्यात ते विकतो, वादक तिसऱ्यातला असतो. पाहुणा वादक दोन दिवस स्टुडिओत येतो, एकरकमी पैसे घेतो, इंग्रजी कागदावर सही करतो आणि जातो. वादक कायमचा असता तर त्याने पुढच्या वर्षी विचारले असते. बदलत्या मेळात पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा कोणी असतो. ज्या मोकळेपणाची आपण तारीफ करतो, त्याच मोकळेपणात जबाबदारी गळून पडते. यावर उपाय म्हणून माणसे कायमची बांधून ठेवावीत, असे मला अजिबात वाटत नाही. ये-जा बंद झाली तर तो मेळ मरेल. करार मात्र ये-जा करणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहायला हवा.

आणि प्रवास कोणाला परवडतो, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेने १ एप्रिल २०२४ पासून परदेशी कलाकारांच्या व्हिसासाठीच्या अर्जांची फी वाढवली. ४६० डॉलरचा ‘पी’ वर्गाचा अर्ज १,०१५ डॉलरवर गेला, ‘ओ’ वर्गाचा १,०५५ वर. छोट्या आयोजकांना आणि ना-नफा संस्थांना सवलत आहे, पण एका अर्जात २५ पेक्षा जास्त नावे घालता येत नाहीत आणि वकिलाचा खर्च वेगळा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या वादकांनाही युरोपभर पूर्वीसारखे मोकळे फिरता येत नाही. अशा चाळणीतून कोण पार पडतो? ज्याच्याकडे पासपोर्ट आहे, बँकेचे कागद आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत, मुलाखतीत बोलण्यापुरते इंग्रजी आहे तो. सांगोल्याचा हलगीवादक किंवा तुळजापूरच्या वाटेवरचा संबळवाला पहिल्याच पायरीवर गळतो. मग जगाला भारतीय ताल म्हणून जे ऐकू येते, ते बहुतांशी शहरातले, घराण्यातले, कागदपत्रे तयार असलेले असते. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे लेबल १९८७ मध्ये लंडनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या मंडळींनी दुकानातल्या फळीसाठी ठरवले होते. ग्रॅमीने २०२०च्या शेवटी ते बदलून ‘ग्लोबल’ केले. पाटी बदलली तरी चाळणीची भोके तेवढीच आहेत.

शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतील, की हे सगळे मिश्रणच नको, हलगीला हलगी राहू द्या. मला त्यांच्या काळजीत तथ्य दिसते, विशेषतः जेव्हा प्रत्येक लोकवाद्य कीबोर्डच्या ठोक्यावर कोंबले जाते तेव्हा. पण हलगीवादकाने काय वाजवावे हे त्याच्याऐवजी इतरांनी ठरवणे, ही जुनी गावकीच नव्या शब्दांत परत येण्यासारखे आहे. त्याला अडेपोजूंच्या ढोलाशी बोलावेसे वाटले तर ती त्याची मर्जी. थिरकवाँनी नाट्यपदे वाजवली म्हणून त्यांचा तबला बाटला नाही.

झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गेले. अल्लारखाँच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, ३ फेब्रुवारीला मुंबईत जगभरचे तालवादक येत, त्या मेळाव्याचा कणा तेच होते. ते वादक एका माणसाच्या शब्दाखातर येत. त्यांच्या मागे ही ये-जा चालू ठेवायची असेल तर एका माणसाच्या प्रेमावर विसंबून भागणार नाही, आणि यात राज्याच्या सांस्कृतिक खात्याने उतरावे असे माझे ठाम म्हणणे आहे. महाराष्ट्र सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन देते. ते हवेच. पण ते कलावंत थकल्यावरचे आहे. हात चालू असताना त्याला काम, नाव आणि वाटा मिळाला तर म्हातारपणी त्या रकमेची वाट पाहण्याची वेळ कमी जणांवर येईल.

बाहेरून येणारा मेळ महाराष्ट्रात सरकारी पैशाने किंवा सरकारी सभागृहात कार्यक्रम करणार असेल, तर त्याने इथल्या हलगी, संबळ, ढोलकी, दिमडी वाजवणाऱ्यांबरोबर किमान काही आठवडे बसावे, अशी अट घालता येते. एका संध्याकाळची जुगलबंदी त्यात धरू नये. या आठवड्यांचा रोजचा मेहनताना परदेशी वादकाला आणि गावच्या वादकाला सारखा असावा. करार मराठीत वाचून दाखवलेला असावा आणि सही करण्याआधी वादकाला तो घरी नेऊन कोणाला तरी दाखवता यावा. त्या बैठकीत जो नवा ठेका बांधला जाईल, त्याच्या रचनाकारांत ठेका बांधणाऱ्याचे नाव असावे. चित्रपट निर्मात्यांनी श्रेयनामावलीत प्रत्येक तालवादकाचे नाव देणे ही अनुदानाची अट करता येते. मराठी चित्रपटांना राज्याचे अनुदान मिळतेच, त्यात एक ओळ वाढवायची आहे. ज्याला परदेशी निमंत्रण येते त्याच्या व्हिसाच्या फीसाठी आणि कागदपत्रांच्या मदतीसाठी खात्यात एक माणूस आणि थोडा निधी ठेवणे, हे राज्याच्या अंदाजपत्रकात दिसणारही नाही इतके लहान काम आहे.

यातल्या एकाही गोष्टीसाठी कायदा बदलावा लागत नाही. २०१२च्या दुरुस्तीतली ती खोच काढायला मात्र संसदेतच जावे लागेल, आणि त्यासाठी वादकांच्या संघटनांनी गायकांच्या बरोबरीने उभे राहायला हवे. गायकांनी आपली हक्कसंस्था काढली, पुढे तिच्यात वादकही आले. आता तिच्या दारात हलगीवाला कधी दिसतो, यावर माझे लक्ष आहे.